बेहड्याची पोती

आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. त्यातले चौघं आता हयात नाहीत पण वारसनोंदी राहिल्यात, दोघी आत्या लग्न होऊन एक बडोद्याला एक बेळगावला, बाकी आम्ही सगळे डोंबिवली ते विरार पसरलेलो, आणि गावात राहून ती जमीन रोज डोळ्यांनी बघणारा माणूस एकच, आमचे धाकटे काका. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी माझं नाव चढलं. म्हणजे संगमेश्वर तालुक्यात, मार्लेश्वरच्या बाजूला सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी जे साडेचार एकर रान आहे त्याचा चौदावा हिस्सा कागदावर माझा आहे, आणि त्या रानात मी वर्षातून फार तर दोनदा पाय ठेवते, शिमग्याला आणि गणपतीला.

हे आधीच सांगितलं कारण पुढचं सगळं ह्यातूनच सुरू होतं.

वर्षावन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ॲमेझॉन येतं, टीव्हीवर बघितलेलं. मला पण तेच यायचं. आमच्या वरच्या टेपावर, म्हणजे वरच्या उंचवट्यावर, जे आहे त्याला शास्त्रात सदाहरित आणि निमसदाहरित जंगल म्हणतात आणि तेही पावसाचंच रान आहे हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. घरात त्याला नुसतं रान म्हणायचे. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगाला अंजनी, जांभूळ, बकुळ, रातांबा, उंबर, मधे एखादी सातवीण, वर चढत गेलं की ऐन-किंजळ, आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यावर तीन बेहडे. गारंबीचा वेल एका बेहड्यावरून दुसऱ्यावर गेलाय, मनगटाएवढा जाड. पावसाळ्यात तिथे दुपारी चारलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटतं, दगडावर शेवाळ, झाडावर शेवाळ, पायाला जळवा, आणि सतत कुठून तरी पाणी ठिबकतंय.

पश्चिम घाट सोळाशे किलोमीटर लांब आहे, २०१२ साली युनेस्कोने त्यातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आमच्या घराच्या मागून वर बघितलं की जी कड दिसते तिच्या पलीकडे तो सगळा भाग. तिथे सरकार आहे, फॉरेस्ट गार्ड आहेत, बोर्ड आहेत. पण कडेच्या अलीकडे, कोकणाच्या बाजूला उतरणारं जे जंगल आहे ते बहुतेक सगळं खाजगी मालकीचं. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन फारच थोडी आहे हे बाहेरच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही, एवढं हिरवं दिसतंय मग ते कोणाचं? ते आमच्यासारख्यांचं. चौदा नावांचं, बावीस नावांचं, चाळीस नावांचं. त्या रानाचं पुढे काय होणार ते कुठल्या मंत्रालयात नाही, ओटीवर बसून ठरतं, आणि हल्ली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर.

२००९ साली आम्ही खालचा टप्पा तोडायला दिला.

'आम्ही' असंच म्हणते, कारण सही बाबांची होती पण पैसे माझ्यावर खर्च झाले. ठेकेदार आला, झाडं नजरेनेच मोजली, उभ्या रानाचा एक आकडा सांगितला. तेव्हा सगळ्यांनाच पैशाची अडचण होती, कोणाचं लग्न, कोणाची खोली. बाबांच्या वाट्याला सहा हजार आले आणि ते माझ्या बारावीच्या क्लासच्या फीमध्ये गेले. मला तेव्हा हे माहीत होतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. दोन महिन्यांत खालचा टप्पा मोकळा झाला, ट्रक आंबा घाटाने वर गेले. त्या मेमध्ये आम्ही गावी गेलो तेव्हा घराच्या खळ्यातून थेट वरची वाडी दिसत होती जी आधी कधीच दिसायची नाही, आणि काकी म्हणाली, उजेड बरा आलाय. खरंच आला होता.

नंतर त्या उजेडात काय उगवलं, तर रानमोडी, सगळीकडे पसरणारं तण. पहिली दोन वर्षं फुटवे आले, ऐनाला किंजळीला बुंध्यातून धुमारे आले होते, पण मग दोनदा वणवा फिरला आणि त्यात ते गेले, रानमोडी मात्र जळूनही परत आली. पऱ्याला आधी एप्रिलपर्यंत पाणी असायचं, माझ्या लहानपणी आम्ही मेमध्ये सुद्धा डबक्यात खेकडे शोधलेत, आता काका सांगतात संक्रांत झाली की पऱ्या आटतो. मी हायड्रॉलॉजिस्ट नाही, पाऊसही आता पूर्वीसारखा पडत नाही, पण काकांनी ज्या वर्षापासून विहिरीवर मोटर उशिरापर्यंत चालवायला सुरुवात केली ते वर्ष मला माहिती आहे आणि तोडीचं वर्षही माहिती आहे.

वरचं टेप वाचलं ते बेहड्यांमुळे, आणि त्यातही भीतीमुळे. बेहड्याचं झाड आमच्याकडे चांगलं मानत नाहीत. त्यावर भूत राहतं म्हणतात, तिन्हीसांजेला त्याच्याखालून जायचं नाही, त्याच्या सावलीत झोपायचं नाही. ही समजूत आजकालची नाही, संस्कृतात त्याचं एक नाव भूतवास असंच आहे, आणि नळराजाच्या गोष्टीत कली नळाच्या अंगातून निघतो तो जाऊन बसतो ह्याच झाडात. त्याआधी ऋग्वेदात जुगारी माणसाचं जे सूक्त आहे त्यातले फासे सुद्धा बेहड्याच्या फळांचे. बिचाऱ्या झाडाच्या वाट्याला सगळं असंच आलं. लाकडालाही कोणी नावाजत नाही, घराला वापरत नाहीत. त्यामुळे आसपासचं सगळं गेलं तरी बेहडे म्हातारे होत राहिले, आमच्यातला मोठा तर तीन माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही, आणि एवढ्या म्हाताऱ्या झाडाला ढोली असतेच.

त्या ढोलीत गरूड येतो. आमच्याकडे धनेशाला गरूडच म्हणतात, महाधनेश, तो पिवळ्या चोचीवर शिंगासारखं टोपण असलेला मोठा पक्षी. तो उडताना पंखांचा जो आवाज येतो तो पहिल्यांदा ऐकला की माणूस वर न बघताच थांबतो, घाटात इंजिन धापा टाकत चढतंय असा. थंडीत मादी ढोलीत जाऊन बसते आणि आतून लिंपून तोंड बंद करते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. मग पुढचे कित्येक आठवडे ती आत, आधी अंडं घेऊन, मग पिल्लू घेऊन, आणि नर एकटा बाहेरून उंबर, बकुळ, रानातली कसली कसली फळं आणून त्या फटीतून भरवणार. त्या दिवसांत नराचं काही झालं तर आतली दोघं त्याचीच वाट बघत राहणार. काका हे बघत मोठे झालेत, त्यांना तारखा पाठ आहेत, शिमग्याच्या आधी मादी आत गेली का नाही हे ते बाजारभाव सांगितल्यासारखं फोनवर सांगतात.

ढोली पडायला झाड शंभर-शंभर वर्षांचं व्हावं लागतं. लावून होत नाही हे. वृक्षारोपणाचे फोटो बघितले की मला हेच वाटत राहतं, लावा, जरूर लावा, पण उभं आहे ते कोणाच्या भरवशावर उभं आहे ते आधी विचारा.

तर २०२२ च्या शिमग्याला ठेकेदार परत आला. माणूस वाईट नाही, हे मला नीट लिहायचंय. तो आमच्याच भागातला, त्याच्या हाताखाली पाच-सहा पोरं, कर्जाने घेतलेली गाडी. कायदा १९६४ पासून आहे, स्वतःच्या जमिनीतली ठराविक झाडं तोडायलाही परवानगी लागते, ती आणायची जबाबदारी तो घेतो. आणि तो बरोबर वेळेला येतो. चाकरमानी आलेले असतात, सह्या एका ओटीवर मिळतात, आणि प्रत्येकाला कसली तरी गरज असतेच. ह्या वेळी त्याने वरच्या टेपाचे पंच्याऐंशी हजार सांगितले. बेहडे सुद्धा घेतो म्हणाला, खोक्यांना चालतात, जळाऊ म्हणून जातात. भुताचं काय असं कोणी तरी विचारलं तर म्हणाला, मशीन लावली की भूत पळतं.

मी नको म्हणाले. बराच वेळ बोलले पण, धनेश, पऱ्या, वणवा, हवामान बदल, सगळं. चुलत भावंडं ऐकून घेत होती. काका खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मधे एक शब्द बोलला नाही, आणि माझं झाल्यावर शांतपणे म्हणाले,

"तुझं सगळं पटलं. पण घराची कौलं बदलायला झालीत, रिपा कुजल्यात, ह्या पावसात ती कोण बदलणार? तोडायला पैसे घेऊन माणूस येतो. राखायला कोण येतो का?"

मला उत्तर आलं नाही. पंच्याऐंशी हजार भागिले चौदा म्हणजे माझ्या वाट्याला सहा हजार. परत सहा हजारच. माझ्यासाठी ते एका महिन्याचं किराणा बिल, काकांसाठी मात्र सगळा आकडा मिळून घराचं छप्पर, कारण बाकीच्यांनी आपापले हिस्से त्यांना द्यायचं आधीच ठरवलं होतं, चांगल्या मनाने. म्हणजे माझं 'नको' हे काकांच्या छपरावर उभं होतं. मुंबईत पंख्याखाली बसून रान वाचवायचं आणि पावसाळ्यात काकीने जागोजाग भांडी ठेवून गळती झेलायची, ह्याला मी काय नाव द्यावं.

त्या वर्षी सही झाली नाही ती तत्त्वाने नाही, बेळगावची आत्या आली नव्हती म्हणून. तेवढा एक पावसाळा मिळाला.

मी मुंबईला येऊन वाचायला लागले, माणसांना विचारायला लागले. आणि कळलं की काकांचा प्रश्न आमच्याच तालुक्यात आधी कोणी तरी मनावर घेतलेला आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था कितीतरी वर्षं संगमेश्वर भागात काम करतेय. आधी देवराया, मग खाजगी जंगलं. त्यांची पद्धत मला आवडली ती अशी, की जमीनमालकांशी करार करायचा, एवढी वर्षं तोड करायची नाही, आणि त्याचा मोबदला त्याला द्यायचा. भाषण नाही, मोबदला. आणि दुसरं म्हणजे बेहडा आणि हिरडा. दोन्ही त्रिफळ्यातले, आवळा तिसरा. त्रिफळ्याला परदेशात हर्बल चहावाल्या कंपन्यांकडून मागणी आहे, आणि जंगलातून गोळा केलेल्या मालासाठी फेअरवाइल्ड नावाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असतं, सेंद्रिय शेतीला असतं तसंच, पण रानातल्या वस्तूंसाठी. झाड तोडायचं नाही, ओरबाडायचं नाही, फळांचा काही भाग रानासाठी, प्राण्यांसाठी सोडायचा, गोळा करणाऱ्याला नीट भाव द्यायचा, कोणत्या झाडाखालून किती उचललं ह्याची नोंद ठेवायची. इथल्या बेहड्याला आणि तिकडे भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी लोक गोळा करतात त्या हिरड्याला हे प्रमाणपत्र मिळालं आणि ब्रिटनमधली पुक्का हर्ब्स नावाची कंपनी तो माल घ्यायला लागली. आमच्या भुताच्या झाडाचं फळ लंडनमधे कोणाच्या तरी चहाच्या कपात! मी हे काकांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पोरं लहानपणी त्याची बी फोडून खायची, जास्त खाल्ली तर चक्कर यायची, त्यांना माहिती आहे ना तिकडे?

माझं त्या संस्थेशी काही नातं नाही, लांबून वाचलेलं आणि दोन-चार लोकांकडून ऐकलेलं सांगतेय. पण ज्या बेहड्यांच्या फळांवर हे चालतं त्याच बेहड्यांच्या ढोल्यांत धनेश राहतो, हे कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथे कोणी तरी दोन्ही गोष्टी एकाच झाडावर बघितल्या.

हिरड्याचं मात्र मी डोळ्यांनी बघितलंय, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात माझी एक मैत्रीण शिक्षिका होती तिच्याकडे राहिले होते तेव्हा. एप्रिल-मेमध्ये घरच्या घरं झाडावर असतात, बाळहिरडा झोडपून खाली पाडायचा, वेचायचा, अंगणात वाळवायचा. वर्षाची रोख कमाई म्हणजे तीच, तांदूळ घरात खायला पुरतो, मिठा-मिरचीला, दवाखान्याला, पोरांच्या वह्यांना हिरडा. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं त्यात त्या भागातली हिरड्याची झाडं पडली आणि नुकसानभरपाईसाठी लोकांना कितीतरी काळ आंदोलनं करावी लागली, कारण जंगलातलं झाड हे पीक आहे हे कागदाला मान्यच नव्हतं. आंब्याचं झाड पडलं तर भरपाई, हिरड्याचं पडलं तर काय? ज्या झाडावर वर्षाची कमाई आहे त्याला फळबाग म्हणायचं नाही, कारण ते कोणी लावलं नाही. मला हे अजून पचत नाही.

लोकांना बाहेर काढून जंगल राखायचा रस्ता पण आपल्या डोंगरावर होऊन गेलाय. चांदोलीत अभयारण्य १९८५ चं, राष्ट्रीय उद्यान २००४ चं, आतली गावं उठवली, आणि त्या लोकांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं ठिय्ये दिले. त्यामुळे आमच्या भागात इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्गासाठी बंधनं घातलेला भाग, हा शब्द काढला तरी माणसं बिथरतात. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटावर अहवाल दिला, त्यात ग्रामसभांनी ठरवावं ह्यावर भर होता, पण तो अहवाल गावात मराठीत पोचायच्या आधी 'घराला वीट सुद्धा लावता येणार नाही' ही बातमी पोचली. नंतर कस्तुरीरंगन समिती, मग २०१४ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेच्या मसुद्यावर मसुदा, सहावा ३१ जुलै २०२४ ला आला, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्याच दिवशी. सहा राज्यांत मिळून छप्पन्न हजार चौरस किलोमीटरच्या वर भाग त्यात येतो. मला स्वतःला तो कायदा व्हावा असं वाटतं, खाणी तर थांबल्याच पाहिजेत, पण काका विचारतात त्या प्रश्नाचं उत्तर त्या मसुद्यात मला सापडलं नाही, काय करायचं नाही ह्याची यादी आहे, राखायला कोण येणार ते नाही.

वेळासचं उदाहरण मी काकांना दिलं होतं. ते समुद्रावरचं आहे, जंगलाचं नाही, पण आपल्याच जिल्ह्यातलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव, लोक यायला लागले, घरोघरी राहण्याजेवणाची सोय झाली. पूर्वी तीच अंडी उकरून नेली जायची. गावाला कासव आवडायला लागलं म्हणून अंडी वाचली का कासवामुळे दोन पैसे यायला लागले म्हणून, हे आता वेगळं करून सांगता येणार नाही, आणि करू पण नये. काका म्हणाले, कासव बघायला माणसं येतील, गरूड बघायला येतील तर तो ढोली सोडून जाईल. खरं आहे. सगळं रान दाखवायचं नसतं.

मग आम्ही एक गोष्ट केली. छोटी आहे, ती कोणाला आदर्श वगैरे म्हणून सांगत नाहीये. आम्ही नऊ जणांनी, म्हणजे मुंबईचे सात आणि दोन आत्या, महिन्याला पाचशे रुपये काकांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. वर्षाचे चोपन्न हजार होतात. म्हणजे ठेकेदाराचे पंच्याऐंशी हजार दोन वर्षं व्हायच्या आत फिटतात आणि झाडं उभीच. हिशोब माझ्या आतेभावाने मांडला, तो बँकेत आहे, तो म्हणाला हे आपण पंधरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, आपण सगळे मालक आहोत ना, मालकाने राखणदाराला पगार द्यायला नको?

काकांनी घ्यायला नकार दिला. आपल्याच रानाचा पगार घेऊ काय, म्हणाले. आणि राखणदार हा शब्द तर त्यांना चाललाच नाही, राखणदार तो देवरहाटीतला, म्हणजे देवराईतला, वाडीच्या वेशीवरचा, त्याला नारळ द्यायचा असतो, मी कोण? दोन महिने पैसे खात्यात नुसते पडून होते. शेवटी काकीने प्रश्न सोडवला, तिने त्यातून कौलं आणली आणि गडी लावून शाकारून घेतलं, आणि काकांना सांगितलं की हे बेहड्याने दिलं असं समजा.

पहिल्या वर्षी बेहडा पण वेचला. थंडी सरता सरता फळं खाली पडतात, मऊ तपकिरी, बोराएवढी ते लिंबाएवढी. वरच्या धनगरवाड्यातल्या तीन बायका यायच्या, आधी त्या ठेकेदाराकडे मोळ्या वाहायला जायच्या. त्यांचा विचार मी सुरुवातीला केलाच नव्हता हे कबूल करते, तोड थांबली की त्यांची रोजची हजेरी पण थांबते, जमीन तर त्यांच्या नावावर गुंठाभरही नाही. रान राखल्याचा मोबदला मालकाला मिळेल, मोळी वाहणारीला काय? आणि हे तर आमच्याकडचं, तिकडे रायगडच्या बाजूला कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं उचल घेऊन महिनोन्‌महिने राबतात, जंगल कापायचा सगळ्यात जास्त घाम त्यांचा आणि त्यातलं सगळ्यात कमी त्यांच्या हातात. तर वेचणीचे पैसे किलोवर द्यायचे आणि माल विकायच्या आधी द्यायचे असं काकीनेच ठरवलं.

पाच पोती झाली. विकली तेव्हा सगळे मिळून दोन हजार तीनशे आले. किलोला बारा रुपये. वेचणीचे पैसे वजा केले तर हातात जवळजवळ काहीच राहिलं नाही. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण 'जंगलउत्पादनातून समृद्धी' असलं वाचून मी पण फोनवर मोठमोठ्या गोष्टी केल्या होत्या. तीन बेहड्यांच्या फळांवर घर चालत नाही. खरेदीदाराने अर्धी पोती बाजूला काढली, बुरशी. शेणाने सारवलेल्या खळ्यात वाळत घातलेली, वर दव पडलेलं, मधे एक अवकाळी सर येऊन गेली. तो म्हणाला, माल चांगला आहे हो, वाळवण चांगली नाही, साल आतून ओली राहिली की गेली.

नऊतले तिघं आता पैसे टाकत नाहीत. एकाची नोकरी गेली, त्याचं समजू शकते, बाकीचे दोघं ग्रुपवर अंगठा दाखवतात आणि विसरतात. मी दर महिन्याच्या पाच तारखेला आठवण करते, मला ते करायला आवडत नाही पण करते. ठेकेदार गेल्या शिमग्यालाही येऊन गेला, आकडा वाढलाय, सव्वा लाख. बेळगावच्या आत्याच्या मुलाने खाजगीत मला विचारलं की किती वर्षं आपण हे असं करणार? मी त्याला म्हटलं मला माहीत नाही, ह्या वर्षी तरी कर.

काल रात्री काकांचा फोन आला. आधी मादी आत गेल्याचं सांगितलं, मोठ्या बेहड्यातच, ढोलीचं तोंड लिंपून झालं, नर दिवसातून चार फेऱ्या मारतोय. मग थोडा वेळ काकीशी काहीतरी बोलत राहिले, फोन हातातच, मला ऐकू येत होतं, किती सांगू, वीस सांगू का. मग मला म्हणाले, येताना दादरहून तागाची पोती आण, नवीन, प्लॅस्टिकची नकोत, माल त्यात घामेजतो. आणि बांबूचे तट्टे इथे विणून घेतोय, जमिनीपासून वर मांडणार, खालून वारं लागलं पाहिजे. वीस पोती आण. पलीकडच्या वाडीतले दोघं म्हणतायत त्यांचे पण बेहडे आहेत, ह्या वर्षी तोडायला नाही देत, आधी वेचून बघतात.